एकोणीस पार्सले आणि आम्ही दोघे

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी 'प्रवासाचे काहीतरी हलकेफुलके' लिहून द्या, असे संपादिकाबाईंनी सांगितले आणि मी लगेच हो म्हटले. मी सहसा कुणाला नाही म्हणत नाही. हा माझा गुण आहे अशी माझी चोपन्न वर्षे समजूत होती. तो नेमका काय आहे हे कळण्यासाठी मला अमेरिकेच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत बावीस फुटी घर मोटारीमागे ओढत न्यावे लागले. ज्यांनी असा प्रवास केलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. त्यांनी तो करावा की नाही, हे मी सांगणार नाही. केलात तर कुणाला कळवू नका, एवढेच नम्रपणे सुचवतो.

पार्सिपनी

ट्रेलरची कल्पना माझी नव्हती, माझ्या पत्नीची होती. नीलिमा बावीस वर्षे इथे, पूर्व किनाऱ्याजवळच्या पार्सिपनीत, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. या वर्षी तिने लवकर निवृत्ती घेतली, आणि एका रविवारी जेवणाची ताटे उचलता उचलता ती म्हणाली, "सायली बोलावतेय. बॉथेलला तिच्याकडे जाऊन राहावं म्हणते."

सायली आमची एकुलती मुलगी. सिअॅटलजवळच्या बॉथेल गावात असते.

"जा की," मी म्हणालो. "पंधरा दिवस राहून ये."

"पंधरा दिवस नाही. कदाचित कायमचंच." तिने ताटे सिंकमध्ये ठेवली, हात पुसले आणि पुन्हा माझ्यासमोर येऊन बसली. "मी भांडत नाहीये, अविनाश. या घरात सतत कुणीतरी असतं. तू आणि मी, दोघंच, शेवटचे कधी जेवलो?"

मी आठवू लागलो. आठवत होतो तेवढ्यात दाराची बेल वाजली. मंडळाचे चिटणीस नाटकाच्या तालमीविषयी बोलायला आले होते. मी त्यांना जेवूनच जा म्हटले.

ते गेल्यावर तिने अटी सांगितल्या. बॉथेलपर्यंत रस्त्याने जायचे, राहण्यासाठी ट्रेलर न्यायचा, तीन आठवडे लागू द्यायचे. कुणाकडे उतरायचे नाही, कुणाला बोलवायचे नाही. "तिथे पोहोचेपर्यंत आपल्याला एकमेकांशी बोलता येतं का, ते मला बघायचंय. मग ठरवीन, तुझ्याबरोबर परत यायचं की नाही."

"चालेल," मी म्हणालो.

"चालेल म्हणायची तुला सवय आहे. ऐकलंस ना नीट?"

मी ऐकले होते. नीट ऐकणे आणि त्याप्रमाणे वागणे यांत अंतर ठेवण्याची मात्र मला जुनी सवय होती.

ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक खोली. तीत पलंग, शेगडी, फ्रिज, घडीचे टेबल आणि कोपऱ्यात संडास असतो. मोटारीच्या मागे पोलादी गोळा बसवतात आणि त्यावर ही खोली अडकवतात. अमेरिकन माणूस घराला कंटाळला की निसर्गाच्या सान्निध्यात जातो, आणि जाताना घर बरोबर नेतो. आपण हसावे अशी ही गोष्ट आहे, पण आम्ही त्या पोलादी गोळ्यावर नारळ फोडून पूजा केली, तेव्हा शेजारचे गृहस्थ कुत्र्याला घेऊन बराच वेळ आमच्या फाटकाशी थांबले होते. कोण कुणाला हसत होते, हे सांगणे कठीण आहे.

त्या पूजेचा फोटो मी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत पहिला फोन आला.

"अविनाशदादा, कोलंबसवरूनच जाणार ना? माझ्या नणंदेकडे एवढं पोचवाल? छोटंसंच आहे हो."

छोटेसे म्हणजे इडलीचे पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर होता. त्यामागोमाग दोन बरण्या लोणचे, एक पेटी (खोका नव्हे, वाजवायची पेटी), बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, एक पितळी घंगाळ आणि कुणाच्या तरी मुंजीचे अल्बम असे बरेच काही आले. ज्या देशात टपालखाते ओसाड माळावरच्या एकुलत्या घरापर्यंतसुद्धा रोज जाते, त्या देशात आपला माणूस जाणारा कोण आहे हे शोधत असतो. पोस्टाने गेलेली वस्तू त्याच्या लेखी नुसती वस्तू असते. जाणाऱ्याच्या हाती दिली की तिच्यात माया उतरते. शिवाय माया नेणाऱ्याचेही नाव होते, आणि मला त्या नावाची फार हौस होती.

"हे काय?" नीलिमाने ट्रेलरच्या दारात उभे राहून विचारले.

"वाटेतच आहे सगळं. दारात द्यायचं आणि निघायचं. गाडीतून उतरायचंसुद्धा नाही."

मराठी माणसाच्या दारात पार्सल देऊन, गाडीतून न उतरता निघता येते, असे मी खरोखरच म्हणालो.

ओहायो

ग्राइंडरचे घर कोलंबसच्या एका नव्या वसाहतीत होते. तिथली सगळी घरे एका मापाची, एका रंगाची आणि एकमेकांकडे संशयाने पाहणारी. मंदार आणि प्राजक्ता हे यजमान चाळिशीतले. ट्रेलर दिसताच मंदार अनवाणीच धावत आला.

"काका, ड्राइव्हवेत घ्या ना रिव्हर्स. मी बघतो मागे."

ट्रेलर मागे घेणे ही विद्या वेगळी आहे. चाक डावीकडे वळवले की ट्रेलर उजवीकडे जातो. घरातून मी आणि नीलिमा ठरवून निघालो होतो की तिने मागे उभे राहायचे आणि मी फक्त तिच्याकडे पाहायचे. परंतु मंदारच्या मागोमाग समोरच्या घरातले एक कुलकर्णी आणि पलीकडचे एक देशमुख आले. मराठी पुरुष गाडी मागे घेणारा माणूस पाहून स्वस्थ बसू शकत नाही.

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

"अहो, लेफ्ट काटा!"

"लेफ्ट नाही, ट्रेलरला उलटं लागतं, राइट काटा!"

"येऊ दे बिनधास्त!"

नीलिमा एकदाच "थांब" म्हणाली. मी तिघांचे ऐकले आणि कुलकर्ण्यांची रस्त्याकडेच्या खांबावरची टपालपेटी आडवी झाली. पाच मिनिटांत वसाहतीच्या समितीवरच्या एक बाई नियमांचा छापील कागद घेऊन आल्या. ट्रेलर रस्त्यावरून दिसेल असा उभा करण्यास मनाई होती. टपालपेटी पडलेली त्यांना चालत होती. ती पुन्हा उभी करताना मात्र तिचा रंग ठरावीकच असायला हवा होता. मी पंचेचाळीस मिनिटे क्षमा मागितली. क्षमा मागणे मला छान जमते, कारण ज्याची मागायला हवी त्याची सोडून इतर सगळ्याची मी मागत आलो आहे.

"आता काय लगेच निघता!" प्राजक्ता म्हणाली. "काकू, मी पुरण घातलंय. आणि ट्रेलरमध्ये काय झोपता, वर गेस्ट रूम रेडी आहे."

नीलिमाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "इतक्या प्रेमाने म्हणतेय ती."

जेवण झाल्यावर घर दाखवण्याचा कार्यक्रम झाला. शेवटी तळघर. तळघरात मोठा पडदा, आठ खुर्च्या आणि कोपऱ्यात न वापरलेले व्यायामाचे यंत्र. मग मुलाचे कॉलेज, मग ग्रीन कार्ड, मग पुण्यातल्या फ्लॅटचा भाडेकरू. सकाळी निघताना दोन पार्सले उतरली आणि पाच चढली.

शिकागोचे उपनगर

इथे ओहायोतलेच घर होते. माणसे वेगळी होती असे नीलिमा म्हणते. मला खात्री नाही. मोठा पडदा, आठ खुर्च्या आणि व्यायामाचे यंत्र मात्र मी ओळखले. पुरणाऐवजी मिसळ होती. निघताना यजमानीणबाईंनी आपल्या सासूबाईंचे जुने लोखंडी शिवणयंत्र पायडलसकट ट्रेलरमध्ये चढवले. ते सिअॅटलला त्यांच्या भाचीकडे जायचे होते. चार जणांनी उचलून ते शेगडी आणि पलंग यांच्या मधल्या वाटेत बसवले. आता पलंगावर खोके, टेबलावर खोके आणि वाटेत शिवणयंत्र. ट्रेलरमध्ये आमच्यासाठी संडास तेवढा मोकळा होता.

हायवेला लागल्यावर नीलिमा म्हणाली, "आपण अमेरिका बघतोय की एकच घर पुन्हा पुन्हा बघतोय?"

मी हसलो. मला वाटले, ती विनोद करते आहे.

मिसिसिपीच्या काठी

मिसिसिपी ओलांडली की मराठी माणूस विरळ होत जातो. आयोवात मला कुणाचाच नंबर मिळाला नाही, आणि पाचव्या दिवशी आम्ही पहिल्यांदा ट्रेलरच्या तळावर उतरलो. नदीकाठी झाडे, प्रत्येक ट्रेलरला एक जागा, एक लाकडी टेबल आणि विजेचा खांब. आमच्या शेजारी नेब्रास्काचे वॉल्ट आणि डोरीन हे सत्तरीचे जोडपे होते. घर विकून ते कायमचे ट्रेलरमध्ये राहत होते. येणारा प्रत्येक जण ट्रेलर मागे कसा घेतो, हे घडीच्या खुर्चीत बसून पाहणे ही त्यांची रोजची करमणूक होती. माझ्या वेळी त्यांनी खुर्च्या थोड्या पुढे ओढल्या.

पलंगावर झोपता यावे म्हणून मी खोके बाहेर काढू लागलो, तेव्हा वॉल्टने विचारले, "दुकान काढणार आहात का?"

"नाही. मित्रांच्या वस्तू आहेत. पोचवायच्या आहेत."

त्याने थोडा विचार केला. "तुमच्या मित्रांच्या गावाला पोस्ट नाही?"

मी त्याला आपली संस्कृती समजावून सांगितली. त्याने अतिशय सभ्यपणे मान डोलावली.

सांडपाण्याची टाकी कशी रिकामी करायची, हे त्यानेच मला शिकवले. रबरी हातमोजे घालायचे, जाड नळी जमिनीतल्या भोकाला जोडायची आणि खटका ओढायचा. मग आपण आणि आपले सत्य. मी तोंड फिरवून उभा होतो. आमच्या घराण्यात हे काम कुणी केले नव्हते, आणि ते आमच्यासाठी कोण करत असे, हेही कुणी विचारले नव्हते. आयोवातल्या त्या भोकाशी उभे राहून मला हा प्रश्न पहिल्यांदा पडला. "नळी तिरकी धर," वॉल्ट म्हणाला. "तत्त्वज्ञान नंतर."

संध्याकाळी ती दोघे टेबलावर पत्ते खेळत बसली. तास-दीड तासात त्यांच्यात दहाएक शब्द झाले असतील. त्यांनी आमचा पगार विचारला नाही, मुलीचे लग्न विचारले नाही, आम्हाला जेवायलाही बोलावले नाही. मी नीलिमाला म्हणालो, "कोरडी माणसं आहेत."

"मला नाही वाटत," ती म्हणाली, आणि त्यांच्याकडे पाहत राहिली.

साउथ डकोटा

या राज्यात दिवसभर गवताखेरीज काही नाही, आणि मग एकाएकी जमीन फाटते. समोर करड्या आणि गुलाबी पट्ट्यांचे मातीचे सुळके उभे राहतात. कुणी अर्धे शहर बांधून ते पावसात सोडून दिले असावे, तसे. या भागाला बॅडलँड्स म्हणतात. गवतात बिळाबिळातून खारीएवढे प्राणी मागच्या पायांवर उभे राहून आमच्याकडे पाहत होते. तळावर वीज नव्हती, शेजारी नव्हते, माणूस नव्हता. सूर्य मावळायला दोन तास होते.

ट्रेलरचे दार उघडले. आधी लोणच्याचा वास बाहेर आला, मग लोणचे आले. शेवटच्या मातीच्या रस्त्याने आपले काम केले होते. शिवणयंत्र आडवे पडून शेगडी आणि पलंगामध्ये घट्ट रुतले होते, आणि त्याच्यावर बाकी सगळ्यांची माया कोसळली होती. दारातून आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. आम्ही दोघांनी ओढून पाहिले. यंत्र हलले नाही.

नीलिमाने मोटारीतून दोन घडीच्या खुर्च्या काढल्या, पाणी आणि बिस्किटांचा पुडा काढला. तिला राग आलेला दिसत नव्हता. उलट तिचा चेहरा पाच-सहा दिवसांत प्रथमच सैल झाला होता. आम्ही सुळक्यांकडे तोंड करून बसलो. हवा सुरेख होती. काही अडत नव्हते, हे मी मुद्दाम नोंदवतो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई गेली, तेव्हा तू मला चार दिवस थांब म्हणाला होतास. त्याबद्दल आपण कधी..."

"एक मिनिट हं," मी म्हणालो आणि खिशातून फोन काढला.

तिची आई सहा वर्षांपूर्वी नाशिकच्या इस्पितळात होती. इकडे मंडळाचा गणपती होता, मी अध्यक्ष होतो आणि प्रसादाचा सगळा स्वयंपाक नीलिमाच्या हातात होता. मी म्हणालो होतो, "चार दिवस थांब, विसर्जन झालं की दोघं जाऊ." आई तिसऱ्या दिवशी गेली. नीलिमा एकटीच जाऊन आली. परत आल्यावर तिने एक शब्द विचारला नाही. मी मात्र दर शनिवार-रविवारी माणसे बोलावू लागलो. तिचे मन रमावे म्हणून, असे सांगत असे. अविनाश तिला किती जपतो, असे सगळे म्हणत. सहा वर्षे मी आमच्या घरात तिसरा माणूस कायम ठेवला, कारण दोघेच उरलो असतो तर ती हे वाक्य बोलली असती.

ते वाक्य ती आता बोलत होती, आणि मी तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या निखिल नावाच्या विद्यार्थ्याला फोन लावत होतो. त्याचा नंबर मी ग्रुपवरून 'अडीअडचणीला' म्हणून मिळवून ठेवला होता.

"हॅलो, निखिल? हो, अविनाशकाका. अरे, जरा अडचण झाली आहे बघ..."

फोन खाली ठेवला तेव्हा नीलिमा माझ्याकडे पाहत होती. "अर्धा तास," ती म्हणाली. "अर्धा तासही झाला नाही रे आपल्याला."

निखिल नागपूरचा. खाणशास्त्रात पीएच.डी. करत होता. त्याच्याबरोबर त्याची प्रयोगशाळेतली सहकारी ऋतुजा होती, साताऱ्याची. दोघे पहार, दोर आणि डोक्याला बांधायचे दिवे घेऊन आले. भूकंपग्रस्तांना सोडवायला आल्यासारखा त्यांचा उत्साह होता.

"अबे यार, हे मशीन आहे का रोडरोलर?" आतून निखिलचा आवाज आला.

"काकू, लोणचं वाचलंय थोडं," ऋतुजा बाहेर डोकावून म्हणाली. "वरचं वरचं घेऊ का काढून? दोन वर्षं झाली घरचं लोणचं खाऊन."

"सगळं घे, बाळा," नीलिमा म्हणाली. तिने त्यांना गॅसवर खिचडी करून वाढली, ऋतुजाला तिच्या प्रबंधाविषयी विचारले, हसली. माझ्याशी मात्र ती बोलली नाही. जाताना निखिलने वाकून आम्हा दोघांना नमस्कार केला. "काका, तुमच्यासारखं कपल पाहिजे. या वयात असा रोमँटिक प्लॅन!"

मी त्याला तोंड भरून आशीर्वाद दिला.

मोंटाना

पुढचे दोन दिवस नीलिमाने गाडी चालवली. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते, ही गोष्ट मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी ट्रेलर मागे असताना कळली. ती अबोला धरून नव्हती. 'पाणी दे', 'पेट्रोल घ्यायचंय' असे ती बोलत होती. बोलण्यासारखे जे होते ते बॅडलँड्समध्ये संपले होते.

मोंटाना इतका मोठा आहे की त्यात आपला अपराध कुठेही ठेवला तरी दुरून दिसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी एक लहानसे गाव लागले. धान्याची उंच कोठारे, एक चर्च, एक दारूचा गुत्ता आणि एक पोस्ट ऑफिस. "जरा थांबवतेस?" मी म्हणालो.

पोस्टात काउंटरमागे एकच बाई होत्या. चष्मा साखळीने गळ्यात लटकवलेला. मी एकेक खोका आणत गेलो, त्या तोलत गेल्या.

"यात काही द्रवपदार्थ, नाजूक किंवा नाशवंत?"

"सगळेच," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. एकूण एकोणीस पार्सले होती. अठरा गेली. त्यांना चाळीस मिनिटे लागली, आणि तेवढ्यात माझी सारी थोरवी वजन करून, चिकटपट्टी लावून निकालात निघाली. शिवणयंत्र मात्र त्यांनी वर्णन ऐकूनच नाकारले. वजन मर्यादेबाहेर होते. मी बाहेर येऊन नीलिमाला सांगितले, "ते एक उरलं." ती स्टिअरिंगवर डोके टेकवून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मी ग्रुपवर लिहिले की सर्व वस्तू पोस्टाने पाठवल्या आहेत. मग पेटीवाल्या बाईंचा निरोप आला, "दादा, पोस्टानेच पाठवायचं तर आम्ही इथून नसतं का केलं?" त्यांचे काहीच चुकले नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही एका नदीच्या काठी थांबलो. ट्रेलरमध्ये मोकळी जमीन, मोकळा पलंग आणि मधोमध शिवणयंत्र. नीलिमाने त्याच्या फळीवर चहाचे कप ठेवले. या वेळी मी आधी बोललो.

"आईंच्या वेळी मी तुला थांबवायला नको होतं."

"का थांबवलंस?"

"कार्यक्रम इतका मोठा होता, ऐन वेळी..."

"कार्यक्रम नको सांगूस."

मी पुष्कळ वेळ शोधत होतो. जे सापडले ते चांगले नव्हते. "तू नसतीस तर मला काही जमलं नसतं. आणि ते सगळ्यांना दिसलं असतं."

नदीचा आवाज येत होता. मला काहीतरी बोलावेसे वाटत होते, चहा छान झालाय म्हणावेसे वाटत होते. मी जीभ दाताखाली धरून बसलो.

"मला वाटायचं, तुला कळलंच नसेल," ती म्हणाली. "कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल तुझं. तसं समजून मी चालवून घेतलं."

"कळलं होतं."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

"मग हे जास्त वाईट आहे," ती शांतपणे म्हणाली आणि कप विसळायला उठली.

यानंतरचे चार दिवस आमच्या संसारातले सर्वांत चांगले दिवस होते, असे म्हटले तर तुमचा विश्वास बसणार नाही. आम्ही आयडाहोच्या डोंगरांतून हळूहळू गेलो, रस्त्याकडेच्या टपरीवर चेरी घेतल्या, एका तळ्यात पाय सोडून बसलो. ती तिच्या आईविषयी बोलली. त्या वाटली डाळ कशी करत, शेवटच्या फोनवर काय म्हणाल्या. मी ऐकले. ऐकताना मनात एका कोपऱ्यात मी हिशेब मांडत होतो: कबुली दिली, रडून झाले, आता ती परत येईल. पश्चात्तापाची पावती फाडून तिच्यावर काहीतरी मिळावे, अशी माझी अपेक्षा होती. माझ्यासारखा माणूस देवळातही पादत्राणांवर लक्ष ठेवूनच हात जोडतो.

बॉथेल

"बाबा, you can't park that here," सायली दारातूनच म्हणाली. "नेबर्स लिटरली फोन करतील कुणाला तरी." मग तिने आईला मिठी मारली. "आई, you look so tanned! And happy, kind of."

शिवणयंत्राच्या मालकीणबाई, म्हणजे शिकागोच्या बाईंच्या भाची, दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला आणि एका दणकट शेजाऱ्याला घेऊन आल्या. यंत्र पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा मला क्षणभर सगळे सार्थकी लागल्यासारखे वाटले. तेवढ्यात त्यांचा नवरा त्यांच्या कानात म्हणाला, "हे ठेवणार कुठे?"

चौथ्या दिवशी सकाळी नीलिमाने मला फिरायला नेले. घरामागून एक ओढा वाहतो, त्याच्या काठाने पायवाट आहे.

"मी इथे राहते," ती म्हणाली.

"पण आपण बोललो ना सगळं?"

"बोललो. आणि बरं वाटलं मला, खोटं नाही सांगत." तिने माझ्या बाहीवरची एक काडी झटकली. "पण बोललास म्हणून मी परत यायचं, असा काही करार नव्हता. सहा वर्षं तू माझ्यापासून माणसांत लपून बसलास. मला थोडं माझं माझं बसू दे."

"किती दिवस?"

"माहीत नाही. तू ते विचारू नकोस, एवढं कर."

मी चालेल म्हणणार होतो. म्हटले नाही. नुसती मान हलवली.

परतीची वाट

मी ट्रेलर घेऊन एकटाच परत आलो. कुणाला कळवले नाही, कुणाकडे उतरलो नाही. मागे उभे राहून सांगणारे कुणी नसले की ट्रेलर मागे घेण्याची एकच पद्धत उरते. दोन फूट मागे यायचे, थांबायचे, उतरून मागे जाऊन पाहायचे, पुन्हा बसायचे. नेब्रास्कातल्या एका तळावर मला यासाठी अर्धा तास लागला. आजूबाजूच्या खुर्च्यांवरून लोक पाहत होते आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला फारशा आवडल्या नाहीत, याचेच मला नवल वाटले.

नीलिमाचा फोन रविवारी येतो. तिला तिथल्या एका प्रयोगशाळेत आठवड्यातून तीन दिवसांचे काम मिळाले आहे. आम्ही बोलतो, मधे बराच वेळ गप्पही असतो आणि फोन चालू असतो. ती परत येणार आहे की नाही, मला माहीत नाही.

गेल्या शनिवारी मंडळाची दहा-बारा मंडळी प्रवासाचे फोटो पाहायला आमच्याकडे आली. मी बोलावले नव्हते; ती आमच्याकडे येतातच. बॅडलँड्सचे फोटो झाले, शिवणयंत्राचा किस्सा झाला, सगळे खूप हसले. मग चिटणीसांनी विचारले, "आणि वहिनी कधी येणार? गणपतीच्या आत ना?"

माझ्या ओठांवर उत्तर तयार होते: मुलीकडे जरा राहते आहे, येईल महिन्याभरात.

"ठरलेलं नाही," मी म्हणालो. "कदाचित येणारही नाही. तिची आई अत्यवस्थ असताना मी तिला इथे मोदक करायला थांबवून घेतलं होतं. तिला शेवटची भेट मिळाली नाही. त्यामुळे ती गेली आहे."

त्या वर्षीचे मोदक खोलीतल्या प्रत्येकाने खाल्ले होते. कुणी वाटीतला चमचा फिरवू लागले, कुणी जमिनीकडे पाहू लागले. चिटणीसांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. अशा वेळी मी काहीतरी खायला-प्यायला आणून विषय बदलतो हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून हळूहळू सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी चहा टाकायला उठलो नाही.